चित्राचा कित्ता

आपल्या मराठी भाषेंत ‘कित्ता गिरविणें’ असा एक वाक्प्रचार आहे. गांवोगांवीं पंतोजींच्या शाळा होत्या, त्या काळीं मुलें आधीं धुळपाटीवर बोटानें व पुढें कागदावर बोरूनें अक्षरें काढीत. गुरुजी एक सुरेख ओळ लिहून देत आणि मुलानें ती हात बसेपर्यंत गिरवावयाची. परंतु ज्याला कित्ता समोर असल्यावांचून चार ओळींचें पत्र लिहितां येत नसे, त्याला लिहावयास येतें असें कोणी म्हणत नसे. कित्ता हा रस्ता होता, मुक्काम नव्हता.

ह्या जुन्या गोष्टीची आठवण होण्याचें कारण असें. गेल्या वर्षीं प्रदर्शनाच्या दिवशीं आमच्या चित्रकलेच्या वर्गानें काढलेलीं चित्रें भिंतीवर लावलीं होतीं. त्यांतील बहुतेक एकाच जुन्या विलायती देखाव्यावरून काढलेलीं होतीं. एका विद्यार्थ्याचे वडील बराच वेळ त्यांच्यापुढें उभे राहिले आणि मग मला म्हणाले, “मास्तर, ह्यांत माझ्या मुलाचें काय आहे? दुसऱ्याच्या वहींतून गणित उतरलें तर तुम्ही शून्य गुण देतां; मग दुसऱ्याचें चित्र उतरलें तर तें भिंतीवर कां लावतां?”

प्रश्न चोख होता. गर्दीच्या गडबडींत मीं त्याचें उत्तर अर्धेंमुर्धें दिलें. तें पुरें द्यावें, आणि त्याबरोबरच जुन्या चित्रावरून चित्र कसें शिकावें ह्याचा एक पाठही विद्यार्थ्यांस द्यावा, एवढा ह्या लेखाचा हेतु आहे.

आरंभीं माझी स्वतःची चूक सांगतों. मी हायस्कुलांत शिकत असतांना एका देखाव्याची रंगीत छापील प्रत माझ्या हातीं आली. तिच्यावर मीं पेन्सिलीनें चौकोन आखले, तितकेच चौकोन मोठ्या कागदावर आखले, आणि एकेक चौकोन भरीत महिनाभरांत तो देखावा उतरवून काढला. घरोघरीं वाहवा झाली, बक्षीस मिळालें, आईनें तें चित्र चौकटींत घालून ओटीवर लावलें. आमच्या चित्रकलेच्या गुरुजींनीं मात्र तें पाहून एकच प्रश्न विचारला, “ह्यांत सूर्य कोणत्या बाजूला आहे रे?” मला सांगतां येईना. मीं शंभर चौकोन पाहिले होते. चित्र पाहिलेंच नव्हतें. पुढें कित्येक वर्षें त्याची शिक्षा मला भोगावी लागली. आमच्या घरामागें एक जुना वड होता. त्याचें चित्र काढावयास बसलों कीं हात अडखळे, कारण त्या वडावर कोणी चौकोन आखून ठेवले नव्हते.

तेव्हां नक्कल दोन प्रकारची असते. एक हाताची, दुसरी डोळ्यांची. पहिलीनें कागद भरतो. दुसरीनें मनुष्य शिकतो. ही दुसरी कशी करावी तें आतां पाहूं.

कित्त्याकरितां आम्हीं निवडलेलें चित्र क्लॉड लोरेन ह्या चित्रकाराचें आहे. त्याचें नांव ‘हागार व देवदूत ह्यांसह देखावा’, आणि तें त्यानें १६४६ सालीं तैलरंगांत रंगविलें. मूळ चित्र लंडन येथील नॅशनल गॅलरींत आहे. क्लॉड हा जन्मानें फ्रान्सकडील लोरेन प्रांताचा. परंतु त्याचें बहुतेक आयुष्य रोम शहरांत गेलें आणि तेथेंच तो १६८२ सालीं वारला. त्याच्या जुन्या चरित्रकारांनीं लिहून ठेविलें आहे कीं, पहांटेपूर्वीं उठून तो रोमबाहेरील माळरानांत जाई आणि आकाशाचा रंग कसकसा पालटतो तें अंधार पडेपर्यंत पाहत बसे. घरीं येऊन जीं चित्रें तो काढी, त्यांत मोठमोठे वृक्ष, संथ पाणी, दूरचे डोंगर व सर्वांवर पसरलेला सोनेरी उजेड असे. ह्या सर्वांच्या मध्यें दोन-चार लहान माणसें असत. देखाव्याचे आपण पैसे घेतों, माणसें फुकट घालून देतों, असें तो गमतीनें म्हणे अशी आख्यायिका आहे.

चित्रांतील प्रसंग बायबलांतील उत्पत्तीच्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायांतील आहे. ज्यांनीं तो वाचला नसेल त्यांच्याकरितां थोडक्यांत सांगतों. अब्रामाची पत्नी साराय हिची हागार नांवाची मिसरी दासी होती. ती गरोदर असतां मालकिणीच्या जाचाला कंटाळून रानांत पळून गेली. तेथें पाण्याच्या झऱ्यापाशीं देवदूतानें तिला गांठलें. तूं कोठून आलीस व कोठें जातेस असें विचारलें. परत जाण्यास सांगितलें आणि तिच्या होणाऱ्या पुत्राविषयीं तिला वचन दिलें. क्लॉडच्या चित्रांत हीं दोघें अगदीं पुढें, सांवलीच्या कडेला आहेत. देवदूत हात करून दूरच्या वस्तीकडे तिला वाट दाखवीत आहे. मागें नदीचें खोरें आहे, टेकडीवर घरें आहेत, त्यापलीकडे फिकट डोंगर आहेत. एका बाजूस उंच वृक्षाची काळोखी घनदाट आकृति उभी आहे.

आतां पाठास आरंभ करूं.

पहिला पाठ पेन्सिलीवांचूनचा आहे. चित्राची चांगली छापील प्रत समोर ठेवा आणि पंधरा मिनिटें नुसती पाहा. पंधरा मिनिटें हा काळ थोडा वाटतो; प्रत्यक्षांत बसून पाहा म्हणजे तो किती लांब आहे हें कळेल. पाहतांना मनाशीं प्रश्न विचारा. उजेड कोठून येतो? सर्वांत काळी जागा कोणती व सर्वांत उजळ कोणती? आपला डोळा चित्रांत कोठून शिरतो, आणि शिरल्यावर कोणत्या वाटेनें मागें जातो? उत्तरें कागदावर शब्दांनीं लिहा. जें शब्दांत सांगतां येत नाहीं, तें बहुधा अजून पाहिलेलेंच नसतें. मला त्या वेळीं कोणी हें करावयास लाविलें असतें, तर गुरुजींपुढें मान खालीं घालण्याची पाळी माझ्यावर आली नसती.

दुसरा पाठ कोळशाचा. पोस्टकार्डाएवढा कागद घ्या. डोळे अर्धवट मिटून चित्राकडे पाहा. असें केलें कीं पानें, फांद्या, कपड्यांच्या चुण्या नाहींशा होतात आणि उजेड व सांवली ह्यांचे मोठमोठे ठिपके तेवढे उरतात. हे ठिपके तीनच छटांत मांडा: काळी, मधली आणि कोरा कागद. पुढची जमीन व मोठा वृक्ष काळ्या छटेंत. खोरें व टेकडी मधल्या छटेंत. आकाश व पाणी उजळ. पांच-दहा मिनिटांत संपवा आणि दुसरा कागद घ्या. असे पांच कागद करा. पांचव्या वेळीं तुमच्या ध्यानांत येईल कीं, क्लॉडनें काळोख पुढें ठेवून उजेड मागें ठेविला आहे, म्हणूनच आपला डोळा सांवलींतून उजेडाकडे ओढला जातो. दिंडीदरवाज्याच्या अंधारांत उभें राहून बाहेरच्या अंगणाकडे पाहतांना जसें होतें, तसेंच येथें होतें. ही युक्ति क्लॉडनें शेंकडों चित्रांत वापरली व त्याच्यामागून युरोपांतील देखावे काढणाऱ्यांनीं दोनशें वर्षें वापरली.

तिसरा पाठ मोजमापाचा. मूळ चित्र सुमारें ५२ सेंटिमीटर उंच व ४२ सेंटिमीटर रुंद आहे. म्हणजे तें फारसें मोठें नाहीं. त्याच्या निमपट, म्हणजे २६ बाय २१ सेंटिमीटरांचा चौकट आपल्या कागदावर आंखा. मोठ्या वस्तूंच्या जागा मात्र चौकोन न पाडतां ठरवा. हात सरळ लांब करून पेन्सिल धरा आणि अंगठ्यानें मोजा: जमिनीची कड चित्राच्या उंचीच्या कितव्या हिश्श्यावर आहे? वृक्षाचा शेंडा कोठें संपतो? मग आपल्या कागदावर त्याच प्रमाणांत खुणा करा. चौकोन पाडणें हें पाप नव्हे. भिंतीवर मोठें चित्र चढवितांना मोठमोठ्या चित्रकारांनीं चौकोन वापरले आहेत. पण तें त्यांनीं आपलेंच लहान चित्र मोठें करतांना केलें. आपण शिकण्यास बसलों आहों. डोळ्यानें मोजावयास शिकावें म्हणूनच तर ही खटपट.

चौथा पाठ दूर-जवळचा व रंगाचा. दूरचे डोंगर निळे कां दिसतात? डोंगर कांहीं निळे नसतात. आपल्या व त्यांच्यामध्यें कोसचे कोस हवा असते. सूर्यप्रकाशांतील निळा भाग ही हवा अधिक विखुरते, आणि तो विखुरलेला निळसर उजेड डोंगरावर पातळ पडद्यासारखा पसरतो. म्हणून वस्तु जितकी दूर तितकी ती फिकट, निळसर व कडांनीं मऊ. जवळची वस्तु गडद, उबदार रंगाची व स्पष्ट. क्लॉडच्या चित्रांत ही चढउतार एकेका पायरीनें केलेली आहे. ती नीट उतरली तर चपट्या कागदांत चार कोसांचें अंतर उभें राहतें; चुकली तर डोंगर झाडाला येऊन चिकटतो.

येथें एक अडचण आहे ती सांगितली पाहिजे. क्लॉडनें तैलरंग वापरले. तुमच्याजवळ जलरंग आहेत. तैलरंगांत काळ्यावर उजळ रंग चढवितां येतो. जलरंगांत उजेड म्हणजे कोरा कागद. तो एकदां झांकला कीं पुन्हां मिळणें कठीण. म्हणून आधीं आकाश व पाणी अगदीं पातळ हातानें, मग दूरचे डोंगर, मग खोरें, आणि सर्वांत शेवटीं पुढचा काळोख. पहिला थर वाळल्यावांचून दुसरा देऊं नये. शिवाय छापील प्रतींतील रंगाशीं आपला रंग तंतोतंत जुळावा म्हणून जीव टाकूं नका. तुमच्या पेटींतील प्रशियन निळा क्लॉडनें कधीं पाहिलाही नव्हता. तो रंग अठराव्या शतकाच्या आरंभीं निघाला, आणि तोंवर क्लॉडला मरून वीस वर्षें होऊन गेलीं होतीं. ह्यासाठीं एकेक रंग जुळविण्यापेक्षां रंगारंगांतील नातें जुळवा. आकाशापेक्षां डोंगर किती गडद, डोंगरापेक्षां झाड किती गडद, एवढें साधलें तर पेटी कोणतीही चालेल.

हिरव्या रंगाविषयीं एक शब्द. पेटींतला तयार हिरवा काढून सर्व झाडांना फांसूं नका. निळ्यांत पिवळी माती मिसळा, कोठें तांबूस माती मिसळा. एकाच झाडाच्या उजेडाकडील पानें पिवळसर व सांवलींतील पानें तपकिरी-काळसर असतात. शंका असेल तर शाळेच्या आवारांतील चिंचेखालीं जाऊन वर पाहावें.

पांचवा पाठ माणसांचा. येथें आमच्या वर्गांत मोठी मौज झाली. एका विद्यार्थ्यानें हागार व देवदूत ह्यांच्यावर फार मेहनत घेतली. चेहरे यावेत, पंखांचीं पिसें यावींत म्हणून त्यानें त्या आकृति मुळापेक्षां दुप्पट मोठ्या केल्या. चित्र पुरें झाल्यावर तो माझ्याकडे येऊन म्हणाला, “सर, माझे वृक्ष झुडपांसारखे कां दिसतात? मीं तर ते बरोबर मापानें काढले.” वृक्ष बरोबरच होते; माणसांनीं त्यांना झुडपें केलें होतें. कारण देखाव्यांतील मनुष्य ही मापपट्टी आहे. माणूस किती उंच असतो हें आपणां सर्वांस ठाऊक असतें, म्हणून डोळा त्याच्यावरून झाड, टेकडी, नदीचें पात्र हीं मोजतो.

ह्याच संबंधांत एक नियम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. सपाट मैदानावर आपण उभे असलों, तर आपल्याएवढ्या उंचीचा प्रत्येक उभा मनुष्य, जवळ असो वा दूर असो, त्याचे डोळे क्षितिजाच्या रेषेवरच येतात. दूरच्याचे पाय तेवढे वर सरकतात. आपण उंचवट्यावरून पाहत असलों तर खालच्या माणसांचीं डोकीं क्षितिजाच्या खालीं राहतात. आपल्या क्रीडांगणावर सामना चालू असतां एकदां हें स्वतः पडताळून पाहा.

मापाखेरीज माणसाचें आणखी एक काम आहे. छापील प्रतींत त्या दोन आकृति अंगठ्यानें झांकून पाहा. वृक्ष तसेच, नदी तशीच, उजेडही तसाच राहतो. परंतु आतां ती केवळ एक जागा होते. अंगठा काढा. आतां तेथें एक स्त्री आहे. तिला घर नाहीं. मागें जाच आहे, पुढें रान आहे. दूरची जी वस्ती मघां नुसती शोभा होती, ती आतां तिच्या परतीची अवघड वाट होते. एवढ्या विस्तीर्ण रानांत ती एवढीशी आहे, आणि तरीही तेथें तिची विचारपूस करण्यास कोणी आलें आहे. क्लॉडनें तिला मोठी काढिली असती तर हा भाव गेला असता. म्हणून चेहऱ्यांची काळजी करूं नका. कुंचल्याच्या टोंकानें चार फटकारे मारा. पण वांकलेली मान व पुढें केलेला हात ह्यांची दिशा बरोबर येऊं द्या.

ह्याप्रमाणें पांच पाठ झाले म्हणजे नक्कल पुरी होते, शिक्षण मात्र अर्धेंच होतें. उरलेलें अर्धें सांगण्यासाठीं ह्याच चित्राच्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतों. त्याचें नांव जॉन कॉन्स्टेबल. नांव ऐकून हसूं नका. तो शिपाई नव्हता, इंग्लंडांतील सफोक परगण्यांत १७७६ सालीं जन्मलेला एका गिरणीवाल्याचा मुलगा होता.

क्लॉडचें हें हागारेचें चित्र त्या वेळीं सर जॉर्ज बोमंट नांवाच्या रसिक गृहस्थाजवळ होतें. बोमंट ह्यांचा त्या चित्रावर इतका जीव होता कीं, प्रवासास निघतांना ते तें पेटींत घालून गाडींतून बरोबर नेत. पुढें त्यांनीं आपला चित्रसंग्रह राष्ट्राला दिला. पण हें एक चित्र नसल्यानें त्यांना चैन पडेना, म्हणून तेवढें हयातीपुरतें परत मागून घेतलें. ह्या गृहस्थांची आई कॉन्स्टेबलच्या गांवाजवळ डेडहॅम येथें राहत असे. तेथें १७९५ च्या सुमारास, ऐन तारुण्यांत, कॉन्स्टेबलनें तें पाहिलें आणि तें त्याच्या डोळ्यांत कायमचें राहिलें.

पुढें तो लंडनला रॉयल ॲकॅडमीच्या शाळेंत शिकूं लागला. जुन्या उस्तादांचीं चित्रें पाहावीं, त्यांच्या नकला कराव्या, असा त्याचा क्रम होता. परंतु १८०२ च्या मे महिन्यांत त्यानें गांवाकडील आपल्या मित्राला एक पत्र लिहिलें. त्याचा आशय असा कीं, गेलीं दोन वर्षें मी दुसऱ्यांच्या चित्रांमागें धांवत होतों व सत्य परक्या हातून घेत होतों. आतां गांवीं येतों आणि प्रत्यक्ष सृष्टीपुढें बसून काम करतों. ओटीवरच्या चौकटीखालीं वाढलेल्या मला हें वाचून काय वाटलें असेल, तें वाचकांनींच ओळखावें.

त्याच वर्षीं कॉन्स्टेबलनें आपल्या गांवच्या खोऱ्याचें एक लहान चित्र काढलें. तें ‘डेडहॅमचें खोरें’ ह्या नांवानें लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्यें आहे. आतां गंमत पाहा. ज्यानें नकलांना रामराम ठोकला, त्याच्या ह्या चित्राची मांडणी क्लॉडच्या हागारेच्या चित्राची आहे! तसेंच उभें चित्र, पुढें तशीच गडद जमीन, बाजूस तसेच उंच वृक्ष, मधून मागें जाणारें नदीचें खोरें. पण आंत काय आहे? हागार नाहीं, देवदूत नाहीं, रोमचें रान नाहीं. स्टाउर ही त्याच्या घरची नदी आहे, इंग्लंडांतील ओलसर हिरवळ आहे, आणि दूर डेडहॅमच्या देवळाचा मनोरा आहे. क्लॉडपासून त्यानें रेघा घेतल्या नाहींत. उजेड कोठें ठेवावा व डोळ्याला वाट कशी द्यावी हें घेतलें.

कोणी म्हणेल, येथें कित्त्याचें काम संपलें. तेंही खरें नाहीं. कॉन्स्टेबलनें पुढें ‘गवताची गाडी’ हें आपलें प्रसिद्ध चित्र १८२१ सालीं रंगविलें. त्याला १८२४ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत सुवर्णपदक मिळालें. ह्या दोहोंच्या मध्यें, १८२३ सालीं, सत्तेचाळीस वर्षांचा हा कसलेला चित्रकार बोमंट ह्यांच्या घरीं पाहुणा म्हणून गेला आणि कित्येक आठवडे क्लॉडच्या चित्रांपुढें विद्यार्थ्यासारखा बसून त्यानें नकला केल्या. त्यांतील शेळ्या राखणाऱ्याच्या देखाव्याची नक्कल आज ऑस्ट्रेलियांत सिडनीच्या चित्रसंग्रहांत आहे. स्वतःचें चित्र काढतां येऊं लागल्यावर कित्त्याची लाज वाटेनाशी होते.

आणि १८२८ सालीं त्यानें तेंच डेडहॅमचें खोरें पुन्हां एकदां, ह्या खेपेस मोठ्या आकाराचें, रंगविलें. तें आज एडिंबरो येथें आहे. मांडणी अजून क्लॉडची. मात्र पुढच्या सांवलींत बारकाईनें पाहिलें तर एक लहान आकृति दिसते. एक भटकी स्त्री विस्तवापाशीं तान्हें मूल घेऊन बसली आहे. विद्वान तिच्याविषयीं निरनिराळे तर्क करतात. मला मात्र वाटतें कीं, तेहेतीस वर्षांपूर्वीं पाहिलेली हागार त्याच्या गांवच्या नदीकांठीं येऊन पोंचली. ती परकी राहिली नव्हती.

आतां त्या गृहस्थांच्या प्रश्नाचें उत्तर. गणित उतरणारा मुलगा उत्तर घेतो व रीत टाकतो, म्हणून त्याला शून्य. चित्र उतरणाऱ्या मुलानेंही तसेंच केलें, म्हणजे नुसत्या रेघा घेतल्या, तर त्यालाही शून्यच द्यावें. मला तें मिळावयास हवें होतें. परंतु जो उत्तर समोर ठेवून त्यावरून रीत शोधून काढतो, तो चोरी करीत नाहीं. दुसऱ्याच्या चित्राखालीं आपलें नांव घालून विकणें ही चोरी. खुद्द क्लॉडला अशा चोरांचा इतका उपद्रव झाला कीं, आपल्या प्रत्येक चित्राची एक रेखाकृति तो एका वहींत काढून ठेवूं लागला. तिला पुढें ‘सत्याचें पुस्तक’ अशा अर्थाचें लॅटिन नांव पडलें; सुमारें दोनशें रेखाकृतींचा तो संग्रह आज ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. म्हणून आमच्या वर्गांत प्रत्येक नकलेखालीं ‘क्लॉड लोरेनवरून’ असें लिहिल्यावांचून ती भिंतीवर लागत नाहीं.

त्या गृहस्थांच्या मुलाविषयीं सांगावयाचें राहिलें. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर त्यानें मला एक कागद आणून दाखविला. शेतांतील विहीर, तिच्यावर वांकलेलें लिंबाचें झाड, पलीकडे उन्हांत पडलेलें मोकळें रान. विहिरीचा गोल कांठ वांकडा आला होता, फांद्या दोरीसारख्या झाल्या होत्या. पण लिंबाखालची जमीन गडद होती, रान उजळत मागें जात होतें, आणि सांवलीच्या कडेला डोक्यावर घागर घेतलेली एक एवढीशी आकृति योग्य मापाची उभी होती. “ही कोण?” मीं विचारलें. “आत्या,” तो म्हणाला. “आणि सूर्य?” त्यानें क्षणाचाही विचार न करतां कागदाच्या बाहेर, झाडाच्या वरल्या अंगाला बोट ठेविलें. वडिलांनीं तो कागद पाहिला काय, असें मीं विचारलें. तो म्हणाला, “पाहिला. त्यांनीं आत्यालाही दाखविला. ती म्हणते, माझी घागर एवढी लहान नाहीं.”

तेव्हां विद्यार्थ्यांनो, येत्या वर्षाचें काम असें आहे. एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांस बसणाऱ्यांनीं तर तें करावेंच, पण इतरांसही मनाई नाहीं. पहिल्या सहामाहींत वर सांगितलेल्या रीतीनें क्लॉडच्या चित्राची एक नक्कल करावी. ती पुरी झाल्यावर छापील प्रत व आपली नक्कल दोन्ही मिटून ठेवाव्या आणि त्या चित्राची मांडणी आठवणीनें पोस्टकार्डाएवढ्या कागदावर काढून पाहावी. दुसऱ्या सहामाहींत तोच कागद घेऊन आपल्या गांवच्या ओढ्यावर, घाटावर, शेताच्या बांधावर किंवा गल्लीच्या तोंडाशीं जाऊन बसावें; सांवली कोठें आहे, उजेड कोठें आहे व वाट कोठून जाते हें शोधावें; आणि त्यांत ओळखीचें एक माणूस त्याच्या मापाप्रमाणें उभें करावें. पालकांनीं एवढेंच करावें कीं, मुलगा दोन तास बांधावर बसला तर त्याला आळशी म्हणूं नये.

पुढील प्रदर्शनांत प्रत्येक विद्यार्थ्याचीं दोन्हीं चित्रें शेजारींशेजारीं लागतील. बक्षीस दुसऱ्या चित्राला मिळेल. वडाचें एक चित्र मीही लावणार आहें. तें अजून पुरें झालेलें नाहीं.